टेस्टिंग बल्ब की मल्टिमीटर?

जुनी पोर्श ९४४ सकाळी झटक्यात सुरू होते. भुसावळच्या मे महिन्यात उन्हात तासभर उभी राहिली की मात्र नुसता सेल्फ फिरतो, इंजिन काही उठत नाही. गॅरेजमध्ये नेईपर्यंत बिघाड गायब! असा चोर पकडायचा कशाने?

आकडे मल्टिमीटर देतो. निवांत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असावी. सेल्फ मारताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिन यांच्यात अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले तर अर्थिंग खराब. पण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे वायरीची एकच तार शाबूत असली तरी तो खुशाल १२ व्होल्ट दाखवतो. टेस्टिंग बल्ब, म्हणजे दोन वायरी जोडलेला गाडीचा साधा बल्ब, २१ वॅटचा घेतला तर पावणेदोन अँपिअर मागतो. कुजक्या वायरीवर तो मंद होतो.

९४४ मध्ये पहिला संशय डीएमई रिलेवर, म्हणजे इंजिनच्या कंट्रोल कॉम्प्युटरला (ईसीयू) वीज पोचवणाऱ्या स्विचवर. त्यातले सोल्डरचे जोड वर्षानुवर्षांनी तडकतात आणि तापले की सुटतात. रिलेतून ईसीयूकडे जाणाऱ्या पुरवठ्यावर बल्ब जोडून डॅशबोर्डवर ठेवा. गाडी रुसेल तेव्हा इग्निशन चालू असूनही बल्ब विझलेला असेल, तर रिले किंवा त्याचा पुरवठा तपासा. पेटलेला असेल तर फ्लायव्हीलजवळचे (इंजिनसोबत फिरणाऱ्या जड चाकाजवळचे) सेन्सर बघायचे. तिथे मात्र मीटरच हवा. सेन्सरच्या किंवा ईसीयूच्या सिग्नल वायरीला बल्ब लावणारा वायरमन दिसला तर बॉनेट बंद करून घरी या.

मी आधी बल्बच घेईन. धुळ्याच्या रस्त्यावर, भर उन्हात, मीटरचा पडदा वाचता येतो कुणाला?