कासवाची अंडी ‘उबवून देतो’ म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका

१७,५०० रुपये गेले, अंडीही गेली. तो माणूस ठाणे-कल्याण पट्ट्यात अजून फिरतोय, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितेय.

माझी रेड-इअर्ड स्लायडर (कानामागे लाल पट्टा असलेलं परदेशी पाणकासव) मादी मोठी झाल्यावरच माझ्याकडे आली. यंदा तिने कुंडीतल्या मातीत सहा अंडी घातली. घरात नर नाही, पण मादीच्या पोटात शुक्राणू वर्षानुवर्षं टिकतात. त्याने नेमकं तेच सांगितलं आणि ते खरंही आहे, मग विश्वास का बसणार नाही?

उबवणीचे ४,५००, मशीनचं भाडं २,२००, ‘डॉक्टर तपासणी’ १,८००. प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला मी पेन्सिलीने ठिपका केला होता. गर्भ आतल्या पडद्याला चिकटला की अंडं फिरवायचं नसतं, गर्भ मरतो. याने वाण्याकडची अंडी भरावीत तशी ती स्टीलच्या डब्यात भरली. तिथेच डबा हिसकावून घ्यायला हवा होता! पण “ताई, पंधरा वर्षं हेच करतोय” म्हणणाऱ्याला कसं अडवणार?

पाचव्या आठवड्यातच पिल्लांचा व्हिडिओ आला. स्लायडरच्या अंड्यांना दोन महिने तरी लागतात. फुटलेल्या कवचांवर एकही ठिपका नव्हता. मी व्हिडिओ थांबवून बघत होते तोच ‘वनखात्यातून’ फोन आला: विनापरवाना पैदास, ९,००० भरा, नाहीतर गुन्हा. घरात आई आजारी, दारात पोलीस येणार म्हटल्यावर कोण कायदा वाचत बसतं? भरले. आपली स्टार आणि फ्लॅपशेल कासवं पाळणं गुन्हा आहे. स्लायडर परदेशी, संरक्षित प्राण्यांच्या यादीत नाही. आणि दंड कोणी खासगी यूपीआयवर घेत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्यांनाही सांगून ठेवा.

पोलीस ठाण्यात हवालदार हसला: “अंड्यांची तक्रार?” पैसे ऑनलाइन गेले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, डबा तुम्ही हाताने दिलात, ठाण्यात जा. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. वनकार्यालयात उत्तर मिळालं की परदेशी कासव आमच्याकडे येत नाही. अहो, तुमच्या नावाने खंडणी उकळतायत, तीही तुमच्याकडे येत नाही? अर्ज ठेवून जा म्हणाले. पोच मागितली तर साहेब जेवायला गेलेत.

पैसे गेल्या क्षणी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, पोलीस ठाण्याच्या पायऱ्या नंतर चढा. अंडी घरातच ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये (ओलावा धरून ठेवणारं हलकं, दाणेदार खनिज) ठेवा. फलित असतील तर कवचावर पांढरा पट्टा दिसतो, त्याला कुठला डॉक्टर लागत नाही. त्या भामट्याचा नंबर अजून चालू आहे, आणि जाहिरातीत तोच बिनठिपक्यांचा व्हिडिओ.