डिपिंगचे पैसे घेतले आणि डॅशला स्टिकर चिकटवला, गाडीवाल्यांनी नक्की वाचा

माझी २०१६ची सेकंड हॅन्ड सेडान, इंजिन वगैरे टकाटक पण आतली चकचकीत काळी पट्टी, पियानो ब्लॅक म्हणतात ती, ओरखड्यांनी पार भरलेली. आधीचा मालक पाचही बोटांत अंगठ्या घालत असणार. म्हटलं ब्रश्ड अ‍ॅल्युमिनियम फिनिश, म्हणजे बारीक रेघांचा धातूसारखा लूक, करून घेऊ, म्हणून पुण्यात नाना पेठेत एका अ‍ॅक्सेसरीजवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "साहेब स्टिकर करूच नका, उन्हाळ्यात निघतो, आपण हायड्रो डिपिंग करू, पाण्यात बुडवून डिझाईन चढवतात, एकदम कंपनी फिटिंग." सँपल म्हणून आरशाचं एक कव्हर हातात दिलं, ते खरंच डिपिंगचं होतं, म्हणून तर फसलो. सहा पार्टचे साडेसात सांगितले, साडेसहा हजारला ठरलं, सगळे रोख. सकाळी ११ला गाडी सोडली, संध्याकाळी ६ला तयार.

तिथेच डोकं चालायला हवं होतं. खऱ्या डिपिंगला आधी पार्ट घासून प्रायमर आणि बेस कलर मारतात, मग पाण्याच्या टाकीत डिझाईनची फिल्म तरंगवून त्यावर अ‍ॅक्टिव्हेटर फवारतात, फिल्म विरघळून शाई पाण्यावर उरते आणि पार्ट हळूच बुडवला की ती सगळीकडून बसते, मग धुवायचं, वाळवायचं, वरून क्लिअर कोट, तोही सुकायला हवा. हे एका दिवसात, तेही सहा पार्ट उघडून परत बसवून? पण चकाकी बघून मी खूश, घरी येऊन बायकोला गाडीत बसवून दाखवलं.

मे महिना आला. ऑफिसचं पार्किंग उघड्यावर, दुपारी गियर नॉबला हात लावायची सोय नाही. एक दिवस सिग्नलला सहज कन्सोलच्या, म्हणजे दोन सीटमधल्या गियरच्या भागाच्या, कडेला नख लागलं आणि कड उचकटली. ओढली तर सरळ पट्टी निघाली, खाली चिकट पिवळट गोंद आणि तीच जुनी काळी पट्टी, वर कटरची लांबलचक चीर नवीन. साधी स्वस्तातली विनाइल फिल्म ताणून बसवलेली, ऊन लागलं की ती आपल्या मूळ मापाला आखडते, कोपरे आधी सोडते. दारावरच्या पट्टीची रेघ आडवी आणि शेजारच्या डॅशची तिरकी, हे तर मला तीन महिने दिसलंच नव्हतं!

पण खरा संताप आला तो पॅसेंजर साईडला. एअरबॅगच्या झाकणाची फट झाकून वरून सलग फिल्म ओढलेली, एसआरएस एअरबॅग ही अक्षरंसुद्धा गायब. ते झाकण वेळेला नीट उघडायला हवं, त्यावर असलं काही चिकटवतात का? ती फिल्म मी रस्त्यातच गाडी बाजूला घेऊन काढली.

दुकानात गेलो तर म्हणे, गाडी उन्हात लावली असेल. उन्हात नाही तर काय फ्रीजमध्ये लावू? बिल मागितलं होतं तेव्हा व्हिजिटिंग कार्डच्या मागे 'डॅश काम ६५००' लिहून दिलेलं. ग्राहक हेल्पलाइनला १९१५वर तक्रार करायची तर पुरावा तोच, त्यात डिपिंग हा शब्दच नाही.

तुम्ही कुणी करणार असाल तर पार्ट परत बसवायच्या आधी हातात घेऊन उलटा करून बघा. डिपिंग असेल तर शाई मागच्या बाजूलाही थोडी गेलेली असते आणि नखाला कड लागत नाही, स्टिकर असेल तर मागे दुमडलेली फिल्म आणि कोपऱ्यात काप दिसतातच. स्टिकर वाईटच असं नाही हां, चांगली कास्ट फिल्म, म्हणजे न ताणता बनवलेली, कमी आखडणारी, नीट बसवली तर टिकते, पण मग रोलवरचं नाव बघा आणि बिलावर तेच लिहून घ्या.

कन्सोल शेवटी जुन्या पार्टवाल्याकडून १,२०० रुपयांत मिळालं, काळंच, दोन ओरखडे त्यावरही आहेत. दाराची पट्टी काढताना त्या अ‍ॅक्सेसरीजवाल्याने तिच्या मागचे क्लिप तोडलेत, त्यामुळे खड्डा आला की ती टिकटिक करते आणि बायको दरवेळी म्हणते, इंडिकेटर चालू राहिलाय बघ.