सिकाडाच्या लाटेत झाडांना घातलेली जाळी: वापरून झाल्यावरचा सविस्तर रिव्ह्यू

अंगणात नवीन लावलेली झाडं आहेत आणि तुमच्या भागात सिकाडाची, म्हणजे जमिनीतून एकदम लाखोंनी वर येऊन झाडांवर बसून मोठमोठ्याने आवाज करणाऱ्या किड्यांची, लाट येणार आहे असं कळलं असेल तर ही जाळी बिनधास्त घ्या. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते पुढे लिहिलंय. या जाळीखालचे बरेच रिव्ह्यू वाचले, बहुतेक सगळे "छान आहे, वेळेत आली" एवढ्यावर संपतात, आणि काहींनी तर आवाज कमी झाला नाही म्हणून एकच स्टार दिलाय, पण आवाज अडवणं हे जाळीचं कामच नाही, ती झाड वाचवायला आहे. आवाजाचं काय करायचं तेही खाली लिहिते कारण त्यासाठी आम्ही घरात वेगळ्या वस्तू आणल्या होत्या आणि त्यातल्या एकीने तर पूर्ण निराशा केली.

वस्तू अशी आहे की पांढऱ्या बारीक जाळीची मोठी पिशवी, एका बाजूला वरपासून खालपर्यंत झिप आणि तळाला ओढून घट्ट करायची दोरी. झाडावर वरून घालायची, झिप लावायची, खोडाशी दोरी आवळायची, झालं. जाळीची भोकं इतकी बारीक की करंगळीचं टोकसुद्धा आत जात नाही, आणि माझ्या मते खरेदी करताना सगळ्यात आधी बघायची गोष्ट हीच. सिकाडासाठी साधारण ६ मिलिमीटर किंवा त्याहून लहान भोकं लागतात, १ सेंटीमीटरच्या वर गेलात तर ते आत शिरतात. फळझाडांवर पाखरं बसू नयेत म्हणून जी मोठ्या भोकांची सैल जाळी मिळते ती स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका, सिकाडा तर अडत नाहीतच, वर पक्षी, साप, वटवाघळं त्यात अडकून तडफडतात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात तर २०२१ पासून घरच्या फळझाडांना ५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या भोकांची जाळी घालायला कायद्यानेच बंदी आहे, आणि ते अगदी योग्य आहे असं मला वाटतं.

आता जाळी लागतेच कशाला, कारण सिकाडा चावत नाहीत, नांगी मारत नाहीत, पानंही कुरतडत नाहीत, फक्त झाडाचा रस पितात आणि त्याने झाडाला फारसं काही होत नाही. नुकसान होतं ते अंडी घालताना. मादी पेन्सिलएवढ्या जाडीची फांदी शोधते आणि पोटाखालच्या टोकदार अवयवाने साल चिरून आतल्या लाकडात अंडी घालते, एका चिरेत वीस-पंचवीस, मग थोडं पुढे सरकून दुसरी चीर, अशी एक मादी एकूण ५०० च्या आसपास अंडी घालते. चिरलेली फांदी वाऱ्याने तिथूनच मोडते, टोकाची पानं तपकिरी होऊन लोंबायला लागतात. मोठ्या जुन्या झाडाला याचं काही नाही, उलट थोडी छाटणी झाल्यासारखंच होतं. पण तुमचं दोन-तीन वर्षांचं रोप असेल तर त्याच्या जवळपास सगळ्याच फांद्या पेन्सिलएवढ्या असतात, मग त्या झाडाचं काय राहणार सांगा.

शेजारचे काका म्हणाले, "अगं औषध मार ना सरळ, एका दिवसात साफ होतील." मी म्हटलं, "काका, आज मारले तर उद्या शेजारच्या झाडावरचे इथे येऊन बसतील, रोज किती फवारणार?" आणि हे खरंच आहे, लाटेच्या वर्षी किडे एवढे असतात की फवारणी पुरी पडत नाही, शिवाय औषध पोटात गेलेले सिकाडा पक्षी खातात, आणि त्या दिवसांत पक्ष्यांच्या पिल्लांना तेच तर भरवलं जात असतं. काकांना ते पटलं आणि त्यांनीही मग जाळीच घातली.

थोडं या लाटेबद्दल सांगते कारण जाळी कधी घालायची ते त्यावरच अवलंबून आहे. दरवर्षी उन्हाळ्यात थोडे थोडे येणारे सिकाडा जगात खूप ठिकाणी असतात, पण एकदम लाखोंनी वर येणारे ते अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अर्ध्या भागात, काहींचं चक्र १३ वर्षांचं आणि काहींचं १७ वर्षांचं. २०२४ मध्ये या दोन प्रकारांचे दोन मोठे गट एकाच वर्षी वर आले, हेच दोन गट त्याआधी १८०३ मध्ये एकत्र आले होते. एवढी वर्षं पिल्लं जमिनीखाली मुळांचा रस पीत राहतात आणि साधारण २० सेंटीमीटर खोलीवरची माती १८ अंश सेल्सिअसला पोचली की रात्री वर यायला लागतात, चांगला पाऊस पडून गेला असेल तर हमखास. म्हणजे अंगणात बोटाएवढ्या जाडीची गोल भोकं दिसायला लागली की समजायचं वेळ आलीये. तरी लगेच जाळी घातलीच पाहिजे असं नाही, वर आल्यावर आठवडाभर तरी माद्या अंडी घालत नाहीत, नरांचं गाणं सुरू झालं की घाला. आणि आवाज पूर्ण थांबला की लगेच काढा, उगाच महिनोन्महिने ठेवू नका, फांद्या आत वाकड्या होतात.

घालताना दोन माणसं लागतात. एकाने स्टुलावर उभं राहून वरून सोडायची, दुसऱ्याने खालून ओढायची. दोरी सगळ्यात खालच्या फांदीच्याही खाली, नुसत्या खोडावर बांधायची, कारण जमिनीतून निघालेलं पिल्लू समोर जे उभं दिसेल त्यावर चढतं आणि दोरी सैल असेल तर जाळीच्या आतून थेट फांद्यांवर जातं. आमच्या एका झाडाखाली तर इतकी पिल्लं निघाली की सकाळी दोरीच्या खाली सगळ्या खोडावर काती एकावर एक चिकटलेल्या, आणि दोरीच्या वर एकही नाही! ते बघूनच जाळीचे पैसे वसूल झाले असं वाटलं. मुलीला घेऊन मी रात्री टॉर्च लावून बघत बसले होते, पिल्लाची पाठ मधोमध उलते आणि आतून पांढराफटक मऊ किडा पाठीकडे झुकत बाहेर येतो, डोळे तेवढे लालभडक, पंख चुरगळलेले ओले असतात ते हळूहळू खाली लोंबत सरळ होतात, आणि सकाळपर्यंत तोच किडा काळा कुळकुळीत. सोय असेल तर मुलांना हे दाखवाच, कुठलंही पुस्तक हे असं शिकवू शकत नाही.

आता अर्धा स्टार कशाला कापला ते. एक म्हणजे झिपचं शेवटचं टोक दोरीच्या शिवणीपर्यंत पोचत नाही, तिथे फट राहते, आम्ही ती कपडे वाळत घालायच्या चिमट्याने बंद केली पण एवढी साधी गोष्ट कंपनीला दिसायला हवी होती. दुसरं, पॅकेटवर झाडाची उंची दिलीये पण घेर दिलेला नाही आणि झाड काही सरळ खांबासारखं वाढत नाही. आमचं एक झाड उंचीने बसलं पण रुंदीला घट्ट झालं आणि जिथे फांद्या जाळीला आतून टेकल्या होत्या नेमक्या तिथेच माद्यांनी बाहेर बसून भोकांतून चिरा मारल्या, हात लावून बघितलं तर सालीवर एका ओळीत उसवलेल्या शिवणीसारखे ओरखडे. दोनच फांद्या गेल्या, पण सैल जाळी असती तर त्याही गेल्या नसत्या. आणि जोराचा वारा असलेल्या ठिकाणी बारीक रोपाला काठीचा आधार द्या, जाळीत वारा भरला की रोप हलतं.

बाकी कापड मजबूत आहे, उन्हापावसात फाटलं नाही, आत हवा खेळती राहते, पानं कोमेजली नाहीत. झाड फुलावर असेल तर मात्र थांबा, मधमाश्या आत जाऊ शकत नाहीत, फुलं गळून गेल्यावरच घाला.

आता आवाज. आवाज करतात ते फक्त नर, पोटाच्या दोन्ही बाजूंना ताणलेले पडदे असतात ते स्नायूंनी सेकंदाला शेकडो वेळा आत-बाहेर करतात आणि पोट पोकळ असल्यामुळे तो घुमतो. गच्च भरलेल्या झाडाखाली आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९१ ला दोनच तास, तेव्हा दिवसभर बागेत काम करणाऱ्याने हे सहज घेऊ नये. यासाठी आम्ही नॉइज कॅन्सलिंगवाले, म्हणजे बाहेरचा आवाज आतल्या यंत्राने दाबणारे, महागडे हेडफोन आणले आणि त्यांनीच निराशा केली. त्यांचं तंत्र पंखा, विमानाचं इंजिन असल्या खालच्या पट्टीतल्या सलग आवाजावर उत्तम चालतं, सिकाडाचा आवाज वरच्या पट्टीतला, एक किलोहर्ट्झच्या वरचा, तिथे जो काही फरक पडतो तो कानावरच्या गादीने पडतो, आतल्या यंत्राने नाही. त्यापेक्षा फोमचे साधे इअरप्लग कितीतरी सरस, वरच्या पट्टीचा आवाज ते चांगला अडवतात. फक्त नीट घालायचे, बोटात बारीक वळायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत धरून ठेवायचं. माझ्याकडून इअरप्लगला पाच, हेडफोनला सिकाडासाठी दोन.

एक फुकटची गोष्ट पण सांगते, गवत कापायचं मशीन भर दुपारी लावू नका, त्याच्या घरघरीला सिकाडा आपलाच थवा समजून अंगावर येऊन बसतात. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा कापा, तेव्हा ते मंद असतात.

आणि कृपा करून ते निळ्या लाइटचं किडे मारायचं मशीन या निमित्ताने घेऊ नका, दुकानात सिकाडाच्या दिवसांत ते मुद्दाम पुढे मांडून ठेवतात म्हणून लिहितेय. लोक ते मुळात डासांसाठी घेतात, पण डास माणसाचा श्वास आणि अंगाचा वास हुंगत येतो, त्याला त्या लाइटचं फारसं काही नसतं. १९९६ साली फ्रिक आणि टॅलमी या संशोधकांनी अशा मशीनमध्ये मेलेले किडे मोजले, १३,७८९ किड्यांत चावणारे निघाले फक्त ३१. बाकीचे पतंग, भुंगेरे, पाण्याकाठचे निरुपद्रवी किडे, आणि दुसऱ्या किड्यांना खाऊन आपलंच काम करणारेही. म्हणजे एवढ्या जिवांची राख करून डास आहेत तिथेच! याला मी एकही स्टार देणार नाही. डासांसाठी बाहेर बसताना साधा टेबलफॅन लावा, डास उडण्यात कच्चा असतो, वाऱ्यापुढे टिकत नाही, आणि साचलेलं पाणी ओता. दाराबाहेरचा पांढरा दिवा काढून पिवळा लावला की पतंगांची गर्दीही बरीच कमी होते. कानाला ऐकू न येणाऱ्या आवाजाने किडे पळवणारी यंत्रं मिळतात त्यांच्याही नादी लागू नका, अमेरिकेत २००१ मध्ये सरकारी व्यापार आयोगाने अशा साठाहून जास्त कंपन्या आणि विक्रेत्यांना ताकीद दिली होती की दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा.

लाट ओसरल्यावर ऐन उन्हाळ्यात दरवर्षीचे हिरवट सिकाडा येतात आणि त्यांच्यामागे एक भलीमोठी गांधीलमाशी येते, सिकाडाला नांगी मारून बधिर करते आणि जमिनीतल्या बिळात ओढत नेते. तोंडासमोर घिरट्या घालून घाबरवतात ते तिचे नर, त्यांना नांगीच नसते, आणि मादीला हातात पकडल्याशिवाय ती काही करत नाही. तिच्या बिळात औषध ओतू नका, तिचा तिथला मुक्काम थोड्याच आठवड्यांचा असतो.

मेलेल्या सिकाडांचा ढीग झाडाखाली कुजायला लागला की वास येतो, रोजच्या रोज झाडून कंपोस्टमध्ये टाका, उत्तम खत होतं. घरात कुत्रा असेल तर लक्ष ठेवा, एखाददुसरा खाल्ला तर काही नाही, पण भरमसाट खाल्ले तर पोट बिघडतं. ज्या फांद्या वाळून लोंबतायत त्या कापायची इच्छा असेल तर अंडी घातल्यापासून सहा आठवड्यांच्या आत कापा, नंतर पिल्लं फुटून खाली मातीत गेलेली असतात.

जाळी साबणाच्या पाण्यात धुवून, पूर्ण वाळवून, घडी घालून ठेवलीये, पुढे भाजीच्या वाफ्यावर घालता येईल. मागवताना झाडाची उंची मोजा, सगळ्यात रुंद ठिकाणचा घेर दोरीने मोजा, आणि निघेल त्यापेक्षा एक साईझ मोठी घ्या. लाट येण्याआधी निदान महिनाभर तरी मागवा, किडे दिसायला लागले की सगळीकडचा स्टॉक संपतो.