एका ‘स्ट्राइक’च्या पाच मात्रा: इंग्रजी आणि जपानीचा ठेका

बेसबॉलमधला ‘स्ट्राइक’ इंग्रजीत एका दमात संपतो. स, ट, र सगळे एकाच स्वराला चिकटलेले. जपानीत तोच शब्द ‘सु-तो-रा-इ-कु’ होतो, सरळ पाच मात्रांचा. जपानीला जोडाक्षरांचा गुंता झेपत नाही, म्हणून मध्ये स्वर घुसवले जातात. आपल्याकडे स्टेशनचं ‘ठेसन’ झालं, तशातलाच प्रकार. फक्त आपण स्वर न घालता व्यंजनच गाळलं.

इंग्रजीचा ठेका आघातावर चालतो. ‘बनाना’त मधल्या ‘ना’वर जोर, बाकीचे दोन स्वर पुसट. आपण तिन्ही अक्षरं सारखी ठोकतो आणि इंग्रज कान टवकारतो. भाषांची अशी आघातलयीची (जोराच्या अक्षरांमधलं अंतर सारखं) आणि अक्षरलयीची (प्रत्येक अक्षराला सारखा वेळ) विभागणी अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक यांनी 1945 मध्ये मांडली. पुढे मोजमापं झाली तेव्हा आघातांमधली अंतरं काही समान भरली नाहीत, पण कानाला जाणवणारा फरक खराच आहे.

जपानीत मात्रा मोजतात. दीर्घ स्वराच्या दोन, शब्दाअखेरच्या ‘न्’चीही स्वतंत्र एक. त्यामुळे तोक्यो म्हणजे ‘तो-ओ-क्यो-ओ’, चार. हायकूचे 5-7-5 याच हिशेबाने. लघु-गुरू शिकलेल्याला हे ओळखीचं वाटेल, पण बोलताना घसरगुंडी ठरलेली: ‘ओबासान’ म्हणजे मावशी-आत्या, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. ‘दिन’ आणि ‘दीन’ एकसारखेच उच्चारणाऱ्या आपल्या जिभेला ती एक मात्रा सांभाळणं इंग्रजी आघातापेक्षा जड जातं, असं माझं मत.