केवायसीच्या नावाखाली अंगठा घेतला आणि खातं साफ केलं

लाडकी बहीण योजनेच्या केवायसीला अंगठा लागत नाही. आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, तो टाकायचा, झालं. फी एक रुपयाही नाही. तेव्हा कुणी मशीन घेऊन दारात आला तर त्याला तिथूनच परत पाठवा. आमच्या थोरल्या वन्संच्या खात्यातून दिवाळीच्या तोंडावर अशाच एका मशीनने साडेनऊ हजार नेले.

वन्संचे यजमान वारले, वडील त्याच्याही आधी गेले. 18 सप्टेंबर 2025 चा शासन निर्णय आला की दोन महिन्यांत केवायसी करा, नाहीतर दीड हजारांचा हप्ता थांबेल. संकेतस्थळावर आधी बाईचा आधार नंबर, मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा, आणि त्यांच्याही मोबाईलवरचा ओटीपी. आता दोघंही हयात नाहीत तिने तो आणायचा कुठून? अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, "वरून काही आलेलं नाही, थांबा." सेतूवाल्यानेही हात वर केले. त्यांचाही दोष नव्हता म्हणा, फॉर्ममध्ये तसा रकानाच नव्हता.

त्या थांबण्याच्या काळातच तो पोरगा गल्लीत आला. गळ्यात प्लास्टिकचं ओळखपत्र, हातात यादी, आणि त्या यादीत खरोखरच गल्लीतल्या बायकांची नावं. ती त्याला कुठून मिळाली हे अजून कळलेलं नाही. "मावशी, विधवांची केवायसी वेगळी असते, अंगठ्यावर होते. शंभर रुपये द्या," म्हणाला. वन्संनी आधार कार्ड आणि पासबुक पुढे केलं. काचेखाली लाल दिवा लागणारं छोटं यंत्र, वायर त्याच्या मोबाईलला. "थंब येत नाहीये, पदराला पुसून परत ठेवा," असं म्हणत त्याने पुन्हा पुन्हा अंगठा लावून घेतला. शेतात राबलेल्या हातांचे ठसे उमटत नाहीत हे कुणाला माहीत नाही? त्यामुळे कुणालाच वावगं वाटलं नाही. प्रत्यक्षात दर वेळी पैसे निघत होते. जाताना पोचपावती म्हणून शिक्का मारलेला कागदही देऊन गेला.

ही युक्ती नीट समजून घ्या. बँक मित्राकडे, म्हणजे बँकेने गावात नेमलेल्या माणसाकडे, आधारवर पैसे काढता येतात, त्याला एईपीएस म्हणतात. आधार नंबर, बँकेचं नाव आणि अंगठा एवढंच लागतं. ओटीपी नाही, पिन नाही, कार्ड नाही. म्हणून "मी कुणाला ओटीपी सांगितलाच नाही" असं म्हणणारी माणसंही लुटली जातात. वन्संच्या खात्याला नंबर होता यजमानांचा, तो कधीच बंद पडलेला. मेसेज गेले ते हवेत. दिवाळीनंतर पासबुक भरून आणलं तेव्हा उलगडा झाला.

बँकेतले साहेब म्हणाले, "अंगठा तर तुमचाच आहे." यावर गप्प बसू नका. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार तिसऱ्याच कुणाच्या लबाडीने पैसे गेले आणि बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर भुर्दंड तुमच्यावर पडत नाही. आमचं भांडण तिथेच अडलंय, मेसेज मिळालाच नाही तर दिवस मोजायचे कधीपासून? सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे आलेले नाहीत.

चोर तर चोरच. पण त्याला गिऱ्हाईक कुणी तयार करून दिलं? फसव्या संकेतस्थळांपासून सावध राहा, असं महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी सांगितलं होतं, ते योग्यच. पण मुदत अगदी संपत आली तेव्हा ती 31 डिसेंबरपर्यंत वाढवली, आणि तेव्हा कुठे पती किंवा वडील हयात नसलेल्यांनी मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यावा अशी सोय झाली. विधवा या योजनेत पहिल्या दिवसापासून पात्र आहेत. त्यांना नवऱ्याचा ओटीपी मागणारा फॉर्म मंजूर कुणी केला?

निवडणुकीआधी 2024 मध्ये अर्ज धडाधड मंजूर झाले तेव्हाही महिला व बालविकास खातं तटकरे यांच्याकडेच होतं. पुढे 26.34 लाख जणींचे हप्ते थांबवले, 14 हजारांहून अधिक पुरुषांनी पैसे उचलल्याचं बाहेर आलं, दोन हजारांहून जास्त सरकारी कर्मचारी सापडले. छाननीतलं हे ढिसाळपण खात्याचं, आणि पुरावे गोळा करत हिंडायचं वन्संसारख्यांनी. सभागृहात मंत्र्यांना हे विचारायला हवं. आम्ही आमदारांना लेखी दिलंय की केवायसीच्या नावाखाली फसलेल्या बायकांच्या तक्रारी खात्याने मोजल्यात का, एवढा एक तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो, टाका. तालुक्याच्या बालविकास कार्यालयात तर "फसवणूक आमच्याकडे येत नाही, पोलिसांत जा," असं सांगून अर्जच परत करत होते. हुज्जत घालून आवक-जावक नोंदवहीत चढवायला लावला. तुमच्याकडे असं घडलं असेल तर तुम्हीही अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.

आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाका. आधारच्या अधिकृत ॲपमध्ये किंवा यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर होतं, मोबाईल नंबर मात्र आधारला जोडलेला हवा. रेशन किंवा बँक मित्राकडचे पैसे अंगठ्यावर घेत असाल तर तेवढ्यापुरतं उघडावं लागतं. कटकट आहे, पण वन्संचं आम्ही केलंय. बँक खात्याला जोडलेला मोबाईल नंबरही बदलून घेतला.