मलाक्काचा हेरिटेज वॉक: वास्तू मनसोक्त पाहिल्या, बंदर मात्र घाईत उरकले

मलेशियातील मलाक्का शहरात एका स्थानिक संस्थेने आयोजित केलेल्या तीन तासांच्या हेरिटेज वॉकला मी पत्नीसह गेलो होतो. डच चौकातून निघून सेंट पॉल टेकडी, सांतियागो दरवाजा आणि नदीपलीकडच्या जुन्या पेठा असा त्याचा मार्ग आहे.

टेकडीवरचे भाग उत्तम होते. पोर्तुगीज चर्चच्या छप्पर नसलेल्या भिंतीला हात लावला आणि मी थबकलोच, कारण तो आपल्या कोकणातल्यासारखा, बारीक छिद्रांचा तांबूस जांभा होता. आत भिंतीला टेकवून ठेवलेल्या डचकालीन थडग्यांच्या शिळा मार्गदर्शक बाईंनी जराही घाई न करता दाखवल्या. खालचा दरवाजा पोर्तुगिजांचा, पण त्यावर डच ईस्ट इंडिया कंपनीचे चिन्ह आणि १६७० हे वर्ष कोरलेले आहे. १६४१ मध्ये शहराचे धनी बदलले, याचा एवढा स्पष्ट पुरावा दुसरा नसेल. दरवाजापाशी एके काळी समुद्र होता, आता भराव टाकून तो दूर गेला आहे.

माझी तक्रार वेगळी आहे. १५११ मध्ये पोर्तुगिजांनी शहर जिंकण्यापूर्वीचे, म्हणजे ज्या काळामुळे मलाक्काचे नाव झाले त्या काळातले बंदर, दहा मिनिटांत उरकले गेले. पश्चिमेची गलबते एका मोसमी वाऱ्यावर आणि चीनची जहाजे दुसऱ्या वाऱ्यावर येत. परतीचा वारा सुटेपर्यंत सर्वांना मुक्काम करावा लागे आणि त्या सक्तीच्या मुक्कामातच गुजराती व तमिळ कापड, मोलुक्का बेटांची लवंग, बांदा बेटांचे जायफळ आणि चिनी रेशीम यांची देवघेव होई. परक्या व्यापाऱ्यांसाठी चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, नेमलेले असत. ते आपापल्या लोकांना वखार आणि राहायला जागा मिळवून देत. त्यांपैकी एक केवळ गुजरात्यांसाठी होता. पश्चिमेकडून आलेल्या मालावर सहा टक्के जकात होती, तर पूर्वेकडच्या व्यापाऱ्यांना नजराणा देऊन भागवता येई. पोर्तुगिजांच्या विजयानंतर लगेच तेथे राहिलेल्या तोमे पिरेस या पोर्तुगिजाने बंदरात ८४ भाषा ऐकू येतात असे लिहिले आहे आणि त्याने दिलेल्या व्यापाऱ्यांच्या यादीत चौल, दाभोळ आणि गोव्याचे लोकही आहेत. मराठी पर्यटकांपुढे हे सांगितलेच पाहिजे होते.

शेवटच्या टप्प्यावर ही उणीव काहीशी भरून निघाली. तुकांग एमास रस्त्यावर १७४८ ची कंपुंग क्लिंग मशीद आणि चिट्टी समाजाचे विनायकाचे मंदिर अगदी शेजारी आहेत. चिट्टी म्हणजे तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज, जे घरात मलय बोलतात आणि हिंदूच राहिले आहेत. मंदिराच्या पायरीवर बसून बाईंनी हे आत्मीयतेने समजावले.

हा वॉक मी सुचवेन, मात्र सकाळचीच वेळ घ्यावी, आणि आरंभीच शाहबंदरांविषयी आवर्जून विचारावे. वॉक संपल्यावर आम्ही पुन्हा नदीच्या मुखाकडे चालत गेलो आणि तेथे अर्धा तास उभे राहिलो; जमल्यास तेवढा वेळ हाताशी ठेवावा.