स्नॅपरेड : पॅरिटी बिघडली, दुरुस्त केली, तो सगळा अनुभव

स्नॅपरेड हे हार्ड डिस्कवरचा डेटा बिघाडापासून वाचवणारं सॉफ्टवेअर दोन वर्षं वापरतोय, आता बिघाड होऊन दुरुस्तीही झाली म्हणून लिहितोय. नुसतं इन्स्टॉल केल्यावर लिहिलेल्या रिव्ह्यूला अशा सॉफ्टवेअरच्या बाबतीत काही अर्थ नसतो, त्याची खरी गरज लागते ती गडबड झाल्यावरच.

माझ्याकडे घरच्या जुन्या पीसीत ४ टीबीच्या तीन डिस्क डेटाला आणि चौथी तेवढीच पॅरिटीला, म्हणजे गेलेला डेटा परत बनवता यावा म्हणून ठेवलेल्या नोंदीला. त्यात वारीचे फोटो आहेत, घरचे व्हिडिओ आहेत आणि सगळ्यात जपायचं म्हणजे आजीच्या जात्यावरच्या ओव्या, बाबांनी टेपरेकॉर्डरवर घेतलेल्या चाळीस कॅसेट, मी एकेक वाजवून कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्यात. मूळ कॅसेटना आता बुरशी आलीये, म्हणजे परत उतरवायची सोय नाही.

आधी लिनक्समधलं नेहमीचं एमडीएडीएमचं रेड ५ होतं, म्हणजे अनेक डिस्क पॅरिटीसकट एकत्र जोडायची पद्धत. वाईट नाही, डिस्क मेली तर चालू ठेवतं आणि ते काम चोख करतं. पण एकदा पॅरिटी जुळते का बघायचा चेक लावला आणि मिसमॅच काउंट, म्हणजे न जुळल्याचा आकडा, शून्य येण्याऐवजी १२८ आला. आता पॅरिटी म्हणजे काय, तर तिन्ही डिस्कवरच्या त्याच जागेच्या बिटांमध्ये १ किती आहेत, सम की विषम, एवढीच नोंद. जुळत नाही म्हटल्यावर डेटा चुकलाय की नोंद चुकलीये हे त्यावरून कळायला मार्गच नसतो. आणि रिपेअर म्हटलं की ते डेटा बरोबर धरून पॅरिटी नव्याने लिहितं. म्हणजे डेटाच सडला असेल तर सडलेल्याचीच पॅरिटी तयार, हिशोब जुळला पण पैसे गेलेलेच. त्या दिवशी मला रात्री झोप लागली नाही, खरंच सांगतो.

स्नॅपरेड इथे वेगळं आहे. ते प्रत्येक २५६ केबीच्या ब्लॉकचा हॅश, म्हणजे डेटा जरा बदलला तरी बदलणारा त्याचा ठसा, काढून कंटेंट फाईलमध्ये ठेवतं. स्क्रब करताना, म्हणजे साठवलेलं परत वाचून तपासताना, आधी डेटा हॅशशी ताडून बघतं, सगळा डेटा बरोबर निघाला आणि तरी पॅरिटी जुळली नाही तर पॅरिटीच खराब, विषय संपला. आणि डेटा हॅशशी जुळला नाही तर कुठल्या फाईलचा कुठला ब्लॉक ते नाव घेऊन सांगतं आणि फिक्स चालवलं की पॅरिटीवरून परत बनवतं. दुरुस्ती म्हणतात ती ही.

आता झालेलं प्रकरण. मे महिन्यात सिंक (नवे बदल पॅरिटीत नोंदवणं) झाल्यावर स्क्रब लावला तर १४ डेटा एरर, डेंजर म्हणून लाल इशारा, त्यात बहुतेक पॅरिटीचे आणि एक चक्क सतराव्या कॅसेटच्या फाईलचा. हात थरथरायला लागले. ते स्वतःच सांगतं की ब्लॉक बॅड म्हणून मार्क केलेत, आता ई ऑप्शन लावून फिक्स चालवा. मी चालवणारच होतो पण आधी तेच बॅड ब्लॉक परत स्क्रब केले आणि आकडा आला ९. डिस्कवरचं खराब झालेलं आपोआप कसं बरं होईल? मग डोक्यात आलं की वाचणाराच चुकतोय. रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासायचा प्रोग्रॅम, लावून ठेवला, सकाळी उठून बघतो तर स्क्रीनभर लाल ओळी. रॅमची एक पट्टी गेलेली. ती काढली, बॅड ब्लॉक परत स्क्रब केले, ५ उरले, पाचही पॅरिटीचे. कॅसेटची फाईल ठणठणीत होती, नुसती चुकीची वाचली जात होती. मग फिक्स, परत बॅडचा स्क्रब, शून्य. त्या शून्याकडे किती वेळ बघत बसलो होतो. सवा एमबी पॅरिटी फक्त, पण त्या महिन्यात डिस्क मेली असती तर तेवढ्याच जागेतलं काहीतरी कायमचं गेलं असतं.

म्हणून कळकळीने सांगतो, एरर दिसली की लगेच फिक्स दाबू नका, खराब रॅमवर दुरुस्ती लिहायला लावली तर चांगल्या पॅरिटीवर पण कचरा जाईल. दोनदा स्क्रब करा, आकडे किंवा जागा बदलत असतील तर आधी रॅम बघा. आणि सिंकला प्री-हॅशचा ऑप्शन लावा, नवा डेटा आधी एकदा वाचून हॅश काढतं आणि पॅरिटी करताना परत ताडून बघतं, वेळ जास्त जातो पण रॅमची गडबड तिथेच पकडली जाते. मी आता त्याशिवाय सिंक करतच नाही.

उणिवा आहेत. पॅरिटी लाइव्ह नसते, शेवटच्या सिंकनंतर टाकलेल्या फाईलला काहीच संरक्षण नाही, आणि मधल्या काळात जुन्या फाईल उडवल्या असतील तर दुसऱ्या डिस्कची रिकव्हरी पण अर्धवट राहू शकते. त्यामुळे रोज बदलणाऱ्या गोष्टी, डेटाबेस वगैरे यावर ठेवू नका. सगळं कमांडवर चालतं, ज्यांना टर्मिनलची सवय नाही त्यांना पहिले चार दिवस जड जाईल. काही न सांगता स्क्रब लावला तर एका वेळी अ‍ॅरेचा (सगळ्या डिस्कच्या संचाचा) ८ टक्केच भाग तपासतो, तेव्हा आठवड्याला एकदा तरी लावायलाच हवा. कंटेंट फाईलच्या प्रती वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा, ती गेली तर हॅश गेले.

फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोजवर पण चालतं, गरज पडली तर सहा पॅरिटी डिस्कपर्यंत जाता येतं. माझ्याकडून साडेचार स्टार, अर्धा कापला तो लाइव्ह नाही म्हणून. ओव्यांची एक प्रत मात्र बहिणीकडे नाशिकला वेगळ्या डिस्कवर दिलीये, घराला आग लागली तर पॅरिटी काय करणार.